फ्रेमवर्क बदलण्याआधी कनेक्शन कुठे अडकतंय ते बघा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आम्ही तिघं जण दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. बॅकएंड जाव्हा ८, जर्सी २ (रिक्वेस्ट योग्य मेथडकडे पोचवणारं फ्रेमवर्क) आणि टॉमकॅट ९ (ते चालवणारा सर्व्हर) वर आहे. एकच वॉर फाइल (सगळ्या कोडचं गाठोडं), चाळीसेक एंडपॉइंट (मोबाइल ॲप ज्यांना रिक्वेस्ट पाठवतं ते पत्ते). वेब डॉट एक्सएमएल ही कॉन्फिगरेशन फाइल नाही, 'ॲप्लिकेशन पाथ' ॲनोटेशनवर भागतं. २४० केंद्रांवरून मोबाइल ॲपने लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) येतं, नोंद होते आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होणाऱ्या नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या डेटाबेस व्यवहारात) उत्पादकाला एसएमएस जातो. सकाळी साडेसहा ते आठ सगळं अडकतं, काही नोंदी दोनदा पडतात आणि दूध बिलाच्या दिवशी भांडणं होतात. नव्या सर्व्हरवर टॉमकॅट १०.१ टाकून तीच वॉर ठेवली, तर मुखपृष्ठ दिसतं पण प्रत्येक एंडपॉइंट ४०४ ('सापडलं नाही') देतो आणि लॉगमध्ये एकही एरर नाही. जर्सी जुनाट आहे हे आता पटलंय. साहेब म्हणतात, स्प्रिंग बूट या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये सगळं नव्याने लिहा. सहकारी म्हणतो, क्वार्कस घ्या, ते मिलिसेकंदांत सुरू होतं. हातात तीन महिने आहेत. काय निवडावं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचं खापर जर्सीवर फुटलं आहे. सकाळी सर्व्हर अडकणं आणि नोंदी दोनदा पडणं, या दोन तक्रारी तुम्ही उद्या स्प्रिंग बूट घेतलंत तरी तिथे जशाच्या तशा येतील. तिसरी, म्हणजे ४०४, ही आवृत्त्यांची सरमिसळ आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं व्हायला नको, म्हणून फ्रेमवर्कच्या निवडीकडे जरा नंतर येऊ.

आधी सकाळचं बघू. टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये डेटासोर्स जाहीर करताना 'मॅक्स टोटल' लिहिलं नसेल, तर टॉमकॅटचा नेहमीचा डीबीसीपी पूल (डेटाबेसची कनेक्शन राखून वाटून देणारा) फक्त ८ कनेक्शन देतो. 'मॅक्स वेट मिलिस' लिहिलं नसेल, तर नववी रिक्वेस्ट कनेक्शनसाठी कितीही वेळ ताटकळते. रिक्वेस्ट झेलणारे थ्रेड (एका वेळी एक रिक्वेस्ट चालवणारे कामकरी) मात्र २०० असतात. आता तुमच्या मेथडचा क्रम बघा: कनेक्शन घेतलं, नोंद घातली, एसएमएस गेटवेला कॉल केला, त्याच्या उत्तराची वाट पाहिली, मग कमिट (नोंद पक्की करणं). गेटवेला २ सेकंद लागतात असं धरा. ८ कनेक्शन दोन-दोन सेकंद अडकलेली, म्हणजे सेकंदाला ४ नोंदी. गर्दीच्या वेळी प्रत्येक केंद्रावर वीस सेकंदांना एक उत्पादक येतो असं धरलं, तर २४० केंद्रांवरून सेकंदाला १२ नोंदी येणार. बारा येतात, चार जातात, आठ साचतात. पंचवीस सेकंदांच्या आत दोनशेच्या दोनशे थ्रेड गुंतून पडतात आणि मग ज्याला डेटाबेसची गरजही नाही असा एंडपॉइंटसुद्धा उत्तर देत नाही. तुम्हाला 'सगळं अडकतं' असं वाटतं ते यामुळे.

स्प्रिंग बूटमध्ये डीबीसीपीच्या जागी हिकारी पूल येतो. त्याची डीफॉल्ट कनेक्शन १० आणि वाट बघण्याची मुदत ३० सेकंद. म्हणजे तीन महिने सगळं नव्याने लिहून सेकंदाला चारच्या जागी पाच नोंदी होतील. जाव्हा २१ चे व्हर्च्युअल (हलके, हवे तितके) थ्रेड सुरू केले तरी फरक नाही, रांग थ्रेडऐवजी पूलच्या दारात लागेल.

माझं गणित डोळे झाकून मानू नका, पडताळा. सकाळी पावणेसातला सर्व्हरवर जेस्टॅक हे जाव्हाचं साधन चालवून पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (त्या क्षणी कुठला थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी) घ्या. 'एचटीटीपी-निओ' नावाने सुरू होणाऱ्या थ्रेडपैकी बहुतेक जर 'बॉरो ऑब्जेक्ट' या ओळीवर थांबलेले दिसले, तर ते कनेक्शनसाठी थांबले आहेत. आणि सात-आठ थ्रेड सॉकेटमधून वाचण्याच्या ओळीवर, खाली तुमच्या एसएमएसच्या क्लासचं नाव घेऊन उभे असले, तर चोरही सापडला. डंप काही वेगळंच सांगत असेल, उदाहरणार्थ सगळे थ्रेड एकाच एसक्यूएल क्वेरीवर अडलेले असतील, तर आधी त्या क्वेरीचा इंडेक्स तपासा.

उपाय छोटा आहे. एसएमएसचा मजकूर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे संदेश' अशा एका टेबलात लिहा आणि कमिट करा. वेगळा थ्रेड दर दोन-तीन सेकंदांनी त्या टेबलातले न गेलेले संदेश उचलून पाठवेल आणि 'गेला' अशी खूण करेल. गेटवेचं उत्तर येईपर्यंत या थ्रेडनेही कनेक्शन धरून ठेवायचं नाही. संदेश वाचा, कनेक्शन सोडा, पाठवा, मग पुन्हा घेऊन खूण करा. नोंद कमिट झाली नाही तर संदेशही जाणार नाही, आणि गेटवे बंद असला तरी दूध घेणं थांबणार नाही. आता एका नोंदीला २० मिलिसेकंद लागले तर त्याच ८ कनेक्शनवर कागदोपत्री सेकंदाला ४०० नोंदी होतात. प्रत्यक्षात याच्या निम्म्या झाल्या तरी तुमची गरज बाराचीच आहे. सोबत 'मॅक्स वेट मिलिस' ३००० करा, म्हणजे पूल रिकामा असताना रिक्वेस्ट लटकून राहणार नाही. मुदत संपल्यावर येणारा अपवाद (एक्सेप्शन) पकडून ५०३ ('सेवा सध्या उपलब्ध नाही') परत करा.

पूल सरळ १०० करून टाकण्याचा मोह मात्र आवरा. मायएसक्यूएल डीफॉल्टने १५१ कनेक्शन घेतो, पोस्टग्रेस १००. चार कोअरच्या डेटाबेसवर शंभर क्वेरी एकदम सोडल्या तर त्या एकमेकींच्याच पायात येतात.

दोनदा पडणाऱ्या नोंदी याच रांगेतून जन्मतात. अँड्रॉइडवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीची उत्तर वाचण्याची डीफॉल्ट मुदत १० सेकंद असते. ॲप दहाव्या सेकंदाला 'अयशस्वी' म्हणतं, केंद्रचालक पुन्हा बटण दाबतो. सर्व्हरला मात्र फोनने नाद सोडल्याचा पत्ता नसतो. पहिल्या रिक्वेस्टला पंधराव्या सेकंदाला कनेक्शन मिळतं आणि ती नोंद करते. थोड्या वेळाने दुसरी रिक्वेस्टही तेच करते. सव्वाआठ लिटरचे साडेसोळा लिटर झाले.

रांग हटली की हे कमी होईल, पण बंद होणार नाही, कारण खेड्यातलं नेटवर्क उत्तर येण्याच्या क्षणी तुटू शकतं. कायमचा इलाज असा: केंद्रचालक 'जतन करा' दाबतो त्याच क्षणी फोनने एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळख क्रमांक) तयार करावा, नोंदीसोबत फोनमध्येच साठवावा आणि कितीही वेळा पाठवलं तरी तोच पाठवावा. पाठवण्याच्या वेळी नवा तयार केला तर सगळं मुसळ केरात. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक बंधन (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेण्याची अट) घाला. 'आधी सिलेक्ट करून बघू, नसेल तर घालू' हे पुरत नाही. दोन थ्रेड एकाच क्षणी बघतात, दोघांनाही नोंद दिसत नाही आणि दोघंही घालतात. बंधनच शेवटचं राखण करतं. ते मोडल्याचा अपवाद आला की जुनी नोंद वाचून तीच पावती २०० ('ठीक') सोबत परत द्या, ४०९ ('संघर्ष') देऊन ॲपला गोंधळात टाकू नका. पोस्टग्रेस असेल तर लक्षात ठेवा, बंधन मोडल्यावर तिथलं चालू ट्रान्झॅक्शन निकामी होतं. त्यामुळे इन्सर्टलाच 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडा. आणि २४० केंद्रं एकाच दिवशी ॲप अपडेट करणार नाहीत, तेव्हा कॉलममध्ये नल (रिकामी किंमत) चालू द्या. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही युनिक कॉलममध्ये एकाहून जास्त नल स्वीकारतात.

आता ४०४. जाव्हा ईई (सर्व्हरवरच्या जाव्हाची मानकं) एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर 'जाव्हॅक्स' हे नाव पुढे वापरता येईना, म्हणून २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ने सगळ्या पॅकेजांची नावं 'जकार्ता'ने सुरू केली. टॉमकॅट ९ जाव्हॅक्स ओळखतो, टॉमकॅट १० आणि पुढचे फक्त जकार्ता. तुमच्याकडे वेब डॉट एक्सएमएल नसल्यामुळे जर्सी स्वतःची नोंदणी सर्व्हलेट इनिशियलायझरमार्फत (सुरू होताना टॉमकॅट नावाने शोधून चालवतो त्या क्लासमार्फत) करते. टॉमकॅट १०.१ जकार्ता नावाचा इनिशियलायझर शोधतो. तुमच्या वॉरमध्ये जाव्हॅक्स नावाचा आहे, तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. त्यामुळे काही मोडत नाही, एररही येत नाही, फक्त जर्सी कधी सुरूच होत नाही. मुखपृष्ठ दिसतं, कारण साध्या फाइली टॉमकॅट स्वतः वाढतो. वेब डॉट एक्सएमएल असतं तर निदान 'क्लास सापडला नाही' असं लॉगमध्ये तरी आलं असतं.

आज संध्याकाळी नवा सर्व्हर चालू करायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक, तिथे टॉमकॅट ९ च टाका. दोन, वॉर 'वेबॲप्स' ऐवजी शेजारी 'वेबॲप्स-जाव्हाईई' असा फोल्डर करून त्यात ठेवा. टॉमकॅट १० ती आतल्या जारसकट बदलून घेतो. ही पडत्या पावसातली ताडपत्री समजा, पक्कं छप्पर नव्हे.

पक्कं काम म्हणजे जर्सी ३.१, टॉमकॅट १०.१ आणि जाव्हा १७. चाळीस एंडपॉइंटसाठी हे दोन आठवड्यांचं काम आहे. इम्पोर्ट बदलताना सरसकट 'जाव्हॅक्स' शोधून 'जकार्ता' करू नका. डब्ल्यूएस डॉट आरएस, सर्व्हलेट, इंजेक्ट, व्हॅलिडेशन, पर्सिस्टन्स ही पॅकेज बदलतात. एसक्यूएल, क्रिप्टो, नेमिंग, नेट ही जाव्हाच्या स्वतःच्या घरातली, ती जाव्हॅक्सच राहतात. ओपनरीराइट हे साधन हा भेद जाणून बदल करतं. एक्सएमएल बाइंड जाव्हा ११ पासून जाव्हातून काढलंय, ते कुठे वापरत असाल तर वेगळी डिपेंडन्सी लागेल.

पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड साधनाच्या फाइलमध्ये) जर्सीचा बीओएम (एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) एकदाच इम्पोर्ट करा आणि बाकी कुठल्याही जर्सी जारला आवृत्ती लिहू नका. तीन जार हवेत: कंटेनर सर्व्हलेट, एचके२ (क्लास एकमेकांना जोडून देणारा) आणि मीडिया जेसन जॅक्सन (जाव्हातला डेटा जेसन या मजकुराच्या स्वरूपात लिहिणारा). एचके२ राहिला तर 'इंजेक्शन मॅनेजर फॅक्टरी नॉट फाउंड' येतं, जॅक्सन राहिला तर 'मेसेज बॉडी रायटर नॉट फाउंड' आणि ५००. सर्व्हलेट एपीआय 'प्रोव्हायडेड' स्कोपमध्ये ठेवा, म्हणजे तो वॉरमध्ये न भरता टॉमकॅटचाच वापरला जाईल. मग मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री काढून त्यात जाव्हॅक्स आणि 'जेएसआर३११' (जाव्हॅक्सच्या काळातला जुना रेस्ट एपीआय) शोधा. जुनं स्वॅगर-जॅक्सआरएस हे ३११ गुपचूप आत आणतं. वाइल्डफ्लाय किंवा पयारा या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी मात्र यातलं काही वॉरमध्ये भरू नये. वाइल्डफ्लायमध्ये रेस्टईझी आणि पयारामध्ये जर्सी आधीच आहे, दुसरी प्रत आणली की क्लासलोडरची भांडणं सुरू.

जेसनकडे वेगळं लक्ष द्या, कारण तुमच्या धंद्यात चूक तिथे पैशात मोजली जाते. जॅक्सनच्या ऑब्जेक्ट मॅपरला जाव्हा टाइम मॉड्यूल जोडा आणि तारखा टाइमस्टॅम्प म्हणून लिहिणं बंद करा, नाहीतर तारीख तीन आकड्यांची यादी होऊन बाहेर पडते. फॅट, एसएनएफ, लिटर, दर हे सगळं बिगडेसिमल (अचूक दशांश), आणि डेटाबेसमध्ये डेसिमल. डबल (अंदाजे दशांश) कुठेही नको. दिवस आणि सत्र ही दोन स्वतंत्र फील्ड म्हणून फोनकडून घ्या, सर्व्हरच्या घड्याळावरून काढू नका. सर्व्हर यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असला की आपल्याकडे सकाळी साडेपाचच्या आत घातलेलं दूध आदल्या दिवसाच्या खात्यात जातं.

एवढं झाल्यावर निवडीचा प्रश्न पुन्हा विचारा. तोवर निम्मी घाई ओसरलेली असेल.

जर्सी म्हणजे घराचं दार. रिक्वेस्ट आत घेणं, योग्य मेथडकडे पाठवणं, उत्तर जेसन करून देणं, हे ती चोख करते आणि त्यात ती जुनाट नाही. घरातल्या बाकीच्या गोष्टी मात्र ती देत नाही: ट्रान्झॅक्शन, टोकनची तपासणी, वातावरणानुसार कॉन्फिगरेशन, हेल्थ चेक, मेट्रिक्स. तुमचा कोड उघडा आणि या पाच गोष्टींसाठी तुम्ही स्वतः लिहिलेले क्लास मोजा. मेथडमेथडमध्ये हाताने कमिट-रोलबॅक असेल, टोकन तपासणारा फिल्टर घरचा असेल आणि तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर स्प्रिंग बूटकडे जाण्याला भक्कम कारण आहे. असे क्लास दोन-तीनच निघाले तर जर्सीवर खुशाल राहा.

तीन जणांच्या टीमला मी स्प्रिंग बूट सुचवेन, पण फक्त नव्या कामासाठी, उदाहरणार्थ बिलाचं नवं मॉड्यूल. कारण साधं आहे: अडलात तर उत्तर सापडतं आणि एक जण गेला तर दुसरा मिळतो. त्याची किंमतही आधी मान्य करा. प्रत्येक उप-आवृत्तीला मोफत आधार साधारण वर्षभरच मिळतो. वर्षातून दोनदा चार दिवस अपग्रेडसाठी राखून ठेवता येणार नसतील, तर तीन वर्षांनी तुम्ही आजच्याच जागी उभे असाल.

सहकाऱ्याचं क्वार्कसही चुकीचं नाही. ते जकार्ता रेस्टचीच ॲनोटेशन वापरतं, त्यामुळे तुमचे रिसोर्स क्लास फारसे न बदलता तिथे जातील, स्प्रिंगमध्ये जाणार नाहीत. पण मिलिसेकंदांत सुरू होणं हे त्यांच्या कामाचं, ज्यांच्या प्रोसेस दिवसभर उघडझाप करतात. तुमचा सर्व्हर महिन्यातून एकदा रीस्टार्ट होतो. नेटिव्ह बिल्डला (आधीच मशीन कोड करून ठेवण्याला) प्रत्येक वेळी काही मिनिटं आणि भरपूर मेमरी लागते, आणि रिफ्लेक्शनवर चालणारी प्रत्येक लायब्ररी आधी नोंदवावी लागते. घेतलंत तर साध्या जेव्हीएम मोडमध्ये घ्या. 'युनी' (क्वार्कसमधलं नंतर येणारं उत्तर) परत करणाऱ्या मेथडमध्ये जेडीबीसी (उत्तर येईपर्यंत थांबणारी डेटाबेस जोडणी) वापरू नका, ती मेथड आयओ थ्रेडवर चालते आणि तिथे डेटाबेससाठी थांबलात की बाकीचे सगळे थांबतात.

स्प्रिंग बूट घेताना पहिल्या दिवशी या गोष्टी करा. मुख्य क्लास सगळ्यात वरच्या पॅकेजमध्ये ठेवा. कंट्रोलर त्याच्या शेजारच्या पॅकेजमध्ये गेला तर स्कॅन होत नाही आणि पुन्हा तोच मुका ४०४. बूटचा पेरेंट न घेता स्वतःचा पॉम वापरणार असाल, तर कंपायलर प्लगइनमध्ये 'पॅरामीटर्स' चालू करा. ३.२ पासून ते नसेल तर, नाव न लिहिलेला पाथ व्हेरिएबल ओळखला जात नाही. जेपीए (टेबलांच्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळणं) वापरत असाल तर 'ओपन इन व्ह्यू' बंद करा. ते डीफॉल्टने चालू असतं आणि एकदा घेतलेलं कनेक्शन उत्तर लिहून होईपर्यंत धरून ठेवू शकतं, म्हणजे तुमचं सकाळचं दुखणं नव्या वेषात. 'डीडीएल ऑटो' व्हॅलिडेटवर (टेबलं फक्त तपासायची, बदलायची नाहीत), टेबलांतले बदल फ्लायवे या साधनाने. हिकारीची कनेक्शन मुदत ३००० मिलिसेकंद. एंटिटी थेट जेसनमध्ये पाठवू नका. उत्पादकात नोंदी, नोंदीत उत्पादक असं असलं की जॅक्सन गोल फिरत राहतो, म्हणून उत्तरासाठी छोटे रेकॉर्ड करा. सिक्युरिटी स्टार्टर जोडताक्षणी सगळे एंडपॉइंट ४०१ ('ओळख पटवा') देतात आणि त्यातून वाट काढली की पोस्ट रिक्वेस्ट ४०३ ('मनाई') देते. तो सीएसआरएफचा (दुसऱ्या साइटने तुमच्या कुकीवर चोरून पाठवलेल्या रिक्वेस्टविरुद्धचा) पहारा आहे. कुकीवर नाही तर टोकनवर चालणाऱ्या एपीआयसाठी तो बंद करणं योग्य आहे. स्प्रिंग ६ पासून शेवटी तिरकी रेघ असलेला पाथ वेगळा धरला जातो. तुमचं जुनं ॲप ती रेघ लावत असेल तर चाचणीत नक्की पकडा.

जुनं आणि नवं शेजारी चालवायला पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट वाटून देणारा सर्व्हर) ठेवा: 'व्ही१' टॉमकॅटकडे, 'व्ही२' नव्या सर्व्हिसकडे. 'प्रॉक्सी पास'मधल्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिलीत तर एनजिनएक्स लोकेशनमधला पाथ कापून पुढे पाठवतो आणि ४०४ चं कारण तुम्ही कंट्रोलरमध्ये शोधत बसाल. दोन्ही पूल मिळून डेटाबेसच्या कनेक्शन मर्यादेच्या बरेच आत राहू द्या.

साहेबांशी बोलताना फ्रेमवर्कच्या नावाने सुरुवात करू नका. तीन थ्रेड डंप, बारा-चारचं गणित आणि गेल्या महिन्यात दोनदा पडलेल्या नोंदींची यादी घेऊन जा. एसएमएस बाहेर काढण्याचा बदल याच आठवड्यात जुन्या टॉमकॅट ९ वर करा आणि पुढच्या सोमवारी पावणेसातला पुन्हा डंप घ्या.